तीन सूत

आमच्या गणपतीचा चौरंग डुगडुगायचा. चतुर्थीच्या सकाळी नवरा बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा फाडून, त्याच्या चार घड्या घालून मागच्या डाव्या पायाखाली सरकवायचा. वरून लाल कापड पडलं की प्रश्न मिटला. अकरा-बारा वर्षं हे असं चाललं. चौरंग माझ्या आजीचा, वाईचा. अठरा इंच लांब, तेवढाच रुंद, सागवानी. नक्षी अजिबात नाही. खाली जरासे निमुळते होत गेलेले चार चौकोनी पाय आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या चार पट्ट्या. आईच्या लग्नातला सत्यनारायण यावर झाला, माझ्याही.

तीन वर्षांपूर्वी विसर्जनाच्या दिवशी मूर्ती उचलली आणि चौरंग एका अंगाला कलला, कूं असा आवाज करून. मग कोपऱ्यावरच्या एका फर्निचरवाल्याकडे दिला. त्यानं तासाभरात दोन लोखंडी अँगल बसवून परत केला. पुढच्या उन्हाळ्यात पाहिलं तर अँगल जागच्या जागी आणि लाकूड उभं चिरलेलं. पट्टीही गेली, पायही गेला. वाळलेल्या जुन्या सागात आधी बारीक भोक न पाडता स्क्रू घुसवला की तो पाचरीचं काम करतो, लाकूड धाग्याच्या दिशेनं उकलत जातं. हे मला आता कळतं. तेव्हा मी त्याला वर चहा पाजला होता.

बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडून मला तेव्हा पाच महिने झाले होते. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्यावर माणसाला हातानं काहीतरी करावंसं वाटतं, असं म्हणतात. मला तसलं काही वाटत नव्हतं. मला फक्त त्या चिरेचा राग आला होता.

पुण्याच्या भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या एका गल्लीत सुतारकाका बसतात. मूळचे भोरकडचे, सत्तरी ओलांडलेले. आजूबाजूच्या गाळ्यांत प्लायवूड, लॅमिनेट आणि दिवसभर किंचाळणारी यंत्रं. काकांच्या गाळ्यात यंत्र म्हणून एक टेबलफॅन. देव्हारे, पाट, पोळपाट, खुर्चीचा मोडका हात, असली कामं त्यांच्याकडे येतात. चौरंग त्यांनी उलटा केला, अँगलवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ठिऊन जावा ताई. परवा देतो."

"मला करायचंय," मी म्हटलं.

"येळ किती हाय?"

"भरपूर."

"मग या उद्या."

दुसऱ्या दिवशी पहिलं काम सांध्यातून चौरंग सोडवायचं. मला वाटलं, आता हातोडा. काकांनी स्टोव्हवर पाणी ठेवलं. जुनं काम सरसात बसवलेलं असतं. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा डिंक ऊब आणि ओल मिळाली की पुन्हा मऊ होतो. फेव्हिकॉल आलं १९५९ साली. त्यानं केलेला सांधा असा विनवून सुटत नाही, लाकडाचा लचका घेऊनच सुटतो. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं सांध्याला गुंडाळायचं, थांबायचं, पुन्हा गुंडाळायचं. बांबूच्या मेखा आधीच उलट्या बाजूनं ठोकून काढल्या होत्या. तासाभरानं पट्टी पायातून निघाली, दात निघावा तशी.

सांध्याचा आतला भाग मी तोवर कधी पाहिला नव्हता. पट्टीच्या टोकाला पुढे आलेली जीभ असते, तिला कुसू म्हणतात. गावकुसातलं कुसू नव्हे, हे निराळं. पायात त्याच मापाचं चौकोनी भोक असतं, त्यात ते बसतं. बाहेरून चौरंग तेल-हळद-कुंकवानं काळपट झालेला, आणि हे कुसू मात्र काल कापल्यासारखं, मधाच्या रंगाचं. आजीच्या लग्नानंतर त्याला पहिल्यांदाच उजेड लागत होता. त्यावर करवतीचे ओरखडे तसेच होते. खांद्यापाशी, म्हणजे कुसू जिथून पुढे येतं तिथं, एके ठिकाणी करवत रेघेच्या पुढे दोन केस गेलेली. पायाच्या आत आणि पट्टीवर पटाशीनं, म्हणजे सुताराच्या छिन्नीनं, मारलेले तीन-तीन टोचे, म्हणजे तीन नंबरची पट्टी तीन नंबरच्या पायात. आणि एका कुसाच्या गालावर, जरा निरखून पाहिल्यावर, एक पातळ चिपाटी चिकटवलेली. पोस्टकार्डाहून थोडी जाड.

"हे काय?"

काका हसले. "चुकला व्हता गडी. कुसू बारीक झालं, मंग कपडा घातला त्याला."

वाईच्या कुणा सुताराची ही चूक. कोण होता, मला माहीत नाही, आजीलाही बहुधा नसावं. ऐंशी-एक वर्षं ती चूक त्या भोकात बसून होती आणि तिनं सांधा धरून ठेवला होता. हलत होता तो सांधा हा नव्हे, दुसराच.

लाकूड शेजारच्याच वखारीत मिळालं. पुण्यातले वाडे पडतात तेव्हा त्यांच्या तुळया, खांब, कडीपाट या बाजारात येतात. नव्या सागापेक्षा काकांना जुना बरा वाटतो, कारण त्याचं वळणं-वाकणं होऊन गेलेलं असतं. आम्ही घेतलेल्या तुकड्यात दोन जुन्या खिळ्यांची काळी भोकं होती. वाडा कुठला, हे विचारायचं राहून गेलं.

हत्यारं मात्र माझी. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथं कुलपं, नळ आणि बंद घड्याळांच्या ढिगात मला एक पटाशी मिळाली. पात्यावर 'शेफील्ड', पोलादासाठी नावाजलेल्या इंग्लंडातल्या शहराचं नाव, एवढंच वाचता येत होतं. मूठ फुटलेली, धार अशी की लोणी कापायलाही जोर लागावा. रुंदी तीन सूत.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिलिमीटर येऊन जमाना झाला तरी सुतार, प्लंबर, गवंडी अजून सुतातच बोलतात. सव्वातीन मिलिमीटरला किंचित कमी. सुतार हा शब्दच सूत्रधारावरून आलेला, दोरी धरणारा तो. दोरीनं रेघ मारायची, सुतानं माप घ्यायचं. आमच्या चौरंगाची पट्टी नऊ सूत जाड होती. कुसू तिच्या एक तृतीयांश जाडीचं ठेवायचं, म्हणजे तीन सूत. दोन्ही बाजूंना तीन-तीन सुताचे खांदे. कुसू जाड केलं तर भोकाच्या भिंती पातळ होतात आणि पाय फुटतो. बारीक केलं तर कुसूच मोडतं. भोकाची रुंदी मोजपट्टी लावून ठरवायची नसते, ती पटाशीच्या पात्यानं ठरते. म्हणून जुन्या बाजारात मी जी पटाशी उचलली तिनंच पुढचं सगळं ठरवून टाकलं. ती चार सुती असती तर काकांनी परत पाठवली असती.

पहिला आठवडा धार लावण्यात गेला. मी आठवडा म्हणते तो खरा आठवडा. आधी पात्याची पाठ सपाट करायची. तिच्यात खळगा असला तर पुढून कितीही घासा, धार येत नाही. मग उतरती बाजू दगडावर टेकवून, कोन न हलवता पुढे-मागे. कोन हलतोच. मनगट आपोआप झोके घेतं आणि धार गोल होते. काका आधी अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून बघायचे. घसरलं की पटाशी परत माझ्या हातात, एक शब्द नाही. पाचव्या दिवशी ते नखावर अडलं. मग त्यांनी लाकडाच्या टोकाचा, जिथं धागे कापलेले असतात तो भाग छिलला. चकचकीत, ओल्यासारखा पृष्ठभाग निघाला. धार बोथट असती तर तिथं धागे चुरगळून पांढुरके पडले असते. "आता हिला हात लावा," ते म्हणाले. सागाच्या लाकडात वाळूचा अंश असतो, सिलिकेचा, त्यामुळे ही धार तासाभरात पुन्हा जाते. हे मात्र त्यांनी मला नंतर सांगितलं.

आधी भोक, मग कुसू. हा क्रम चुकवायचा नाही. कुसू मोठं झालं तर छिलता येतं. भोक मोठं झालं तर त्यात लाकूड कुठून भरणार? म्हणून जे दुरुस्त होत नाही ते आधी करून मोकळं व्हायचं आणि मग दुसऱ्याला त्याच्या मापाचं करत आणायचं. बँकेत आम्ही नेमकं उलटं करायचो.

सरावाला देवदारी खोक्याचं लाकूड होतं. लाकूड जमिनीवर आडवं ठेवून काका त्यावर मांडी टेकवून बसतात आणि दुसऱ्या पायाच्या बोटांनी ते धरतात. त्यांचे अंगठे शिकंज्यासारखे आहेत. माझे नाहीत, म्हणून मी स्टुलाला शिकंजा लावून घेतला. भोकाच्या दोन्ही टोकांच्या रेघा पेन्सिलीनं नव्हे, चाकूनं मारायच्या. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, चाकूच्या रेघेला नसते. शिवाय पटाशीची धार त्या चिरेत आपणहून जाऊन बसते.

पहिला घाव टोकाच्या रेघेवर घालायचा नाही. रेघेपासून सूतभर आत. पटाशी उभी, अगदी उभी. शेजारी काटकोन दाखवणारा गुण्या ठेवायचा आणि डोळा त्याच्या रेषेत. मोगरीचा, म्हणजे लाकडी हातोड्याचा, एक ठोका. पातं आत जातं तेव्हा ठक् असा आवाज येतो. मग पाव इंच पुढे सरकून दुसरा, आणि पटाशी जरा मागे रेटायची की मधली ढलपी उचकटून वर येते. असं दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, फिरायचं, परत यायचं. दर फेरीला भोक थोडं खोल जातं आणि आवाज बदलत जातो, ठकचा ठप् होतो. ढलप्या उपसताना पटाशी भोकाच्या काठावर रेलते, काठ चेंगरतो. म्हणून तर टोकाला सूतभर लाकूड राखलेलं असतं. ते चेंगरू दे. सगळं खोल झालं की शेवटी रेघेच्या चिरेत पातं ठेवून ते एका घावात उतरवायचं, आणि खाली कोरा, सरळ काठ उरतो.

माझं पहिलं भोक वरून आयताकृती आणि तळाला समलंब चौकोन होतं. पटाशी उभी आहे असं मला वाटत होतं, ती माझ्याकडे कललेली होती. दुसरंही तसंच. तिसऱ्या वेळी काकांनी मला लाकडाच्या बाजूला नव्हे, टोकाशी बसवलं, लांबीच्या रेषेत. "शेजारी बसून भिंत सरळ हाय का कळतं का? टोकाला जाऊन बगावं लागतं." बास, एवढीच दुरुस्ती. चौथं भोक देवदारात बरं झालं, पाचवं सागात. सागाच्या ढलप्यांना चामड्यासारखा वास येतो. संध्याकाळी घरी गेले की तो माझ्या केसांना यायचा आणि लेक म्हणायची, आईला बूट पॉलिशचा वास येतोय.

चौरंगाच्या पायात दोन भोकं असतात, दोन लगतच्या बाजूंनी, आणि ती आत एकमेकांना भेटतात. दुसरं भोक खणताना शेवटच्या ठोक्याला पटाशी एकदम सैल झाली, समोर पहिल्या भोकातला उजेड दिसला. पावणेदोन इंची पायाच्या पोटात एक छोटा बोगदा तयार झाला. दोन पट्ट्यांची कुसं तिथं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून दोघांची टोकं तिरकी कापतात, पंचेचाळीस अंशांत, आणि ती आत नाकाला नाक लावून बसतात. बाहेरून याचा काडीइतका सुगावा लागत नाही. एवढ्या छोट्या जागेत इतकी व्यवस्था असेल असं मला खरंच वाटलं नव्हतं.

पाऊस सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी आम्ही लोकलनं मळवलीला उतरून भाजे लेण्यांत गेलो. पूर्वी तीन वेळा गेले होते, धबधबा आणि भज्यांसाठी. या वेळी मी चैत्यगृहासमोर उभी राहिले आणि मला कातळातली चौकोनी भोकं दिसली. दर्शनी भागाला पूर्वी लाकडी बांधकाम होतं, ते अडकवायच्या या खोबणी. लाकूड केव्हाच गेलं, खोबणी उरल्या. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं हे काम. आत सत्तावीस अष्टकोनी खांब, आणि ते सगळे किंचित आतल्या बाजूला कललेले. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलायला खांब कलते ठेवावे लागतात. डोंगर कोरून काढलेल्या छताला रेटा कसला? पण कोरणाऱ्यांचे हात, निदान डोळे, लाकडावर तयार झालेले. वर कमानीला लाकडी फासळ्या अजून आहेत. मी इतका वेळ मान वर करून उभी होते की रखवालदार विचारायला आला. नवऱ्यानं त्याला सांगितलं, "चौरंग दुरुस्त करतायत त्या."

मग कुसू. भोकापेक्षा हे सोपं असेल असा माझा समज होता. रेघ ठेवायची आणि रेघेबाहेरचं कापायचं, एवढंच तर. पट्टी तिरकी उभी करून करवत पलीकडच्या कोपऱ्यावर टेकवायची, म्हणजे वरची आणि समोरची अशा दोन रेघा एकदम डोळ्यासमोर राहतात. तिरकं कापत यायचं, पट्टी फिरवायची, पलीकडून तिरकं, मग मधलं उरलेलं सरळ खाली. करवत दाबायची नाही. तिचं वजन तिला पुरतं. मी दाबली. दाबली की पातं वाकतं, आणि आत काय चाललंय ते वरून दिसत नाही.

पहिलं कुसू भोकात घातलं तर ते नुसतं आत गेलं. खडखडलं. घंटेतल्या लोलकासारखं.

जर्मनीत लायपझिगजवळ नवाश्मयुगीन विहिरी सापडल्या, त्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ओकच्या लाकडांनी बांधलेल्या, सात हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या, आणि त्यांच्या तळाच्या चौकटीला कुसू-भोकाचे, पाचर मारलेले सांधे. धातू माहीत नसलेल्या माणसांनी दगडी हत्यारांनी केलेले. माझ्या हातात शेफील्डचं पोलाद होतं. त्या रात्री हे वाचायला नको होतं.

पुढचं कुसू मी भीतीपोटी जाड ठेवलं आणि लाकूड तासायच्या रंध्यानं, पटाशीनं दोन दिवस छिलत बसले. बरोबर बसलेलं कुसू कसं ओळखायचं, याची काकांची रीत अशी: हातानं निम्मं आत जावं, उरलेलं मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी. आणि पट्टी उचलली की पाय तिला लटकून वर यावा, पडू नये. मोठा हातोडा लागला तर पाय चिरणार. आपणहून पडला तर सांधा नाहीच. या दोन्हींच्या मध्ये जी जागा आहे ती रंध्याच्या एका सालपटीइतकी आहे, जास्त नाही. आणि तीही रोज तिथंच नसते. मेच्या अखेरीला सुरेख बसलेलं कुसू जूनच्या तिसऱ्या आठवड्यात अडलं. हवेतली ओल पिऊन लाकूड फुगतं, पण फुगतं ते आडव्या अंगानं. ओला साग पुरता वाळेपर्यंत रुंदीत पाचेक टक्क्यांपर्यंत आकसतो, लांबीत मात्र जवळजवळ ढिम्म हलत नाही. जुनं लाकूड एवढं हलत नाही, तरी सालपटीइतकं हलायला त्याला पुण्याचा पाऊस पुरतो. मी ते पुन्हा छिलायला घेतलं तर काकांनी हात धरला. "आज छिलाल आन् दिवाळीला रडाल. ऱ्हाऊ द्या." त्यांनी ते दोन दिवस पत्र्याखाली, उबेला ठेवलं. बसलं.

आता तिसरा सांधा. नवी पट्टी, जुना पाय, आणि त्या पायातलं भोक वर्षानुवर्षं हलून हलून तोंडाशी रुंदावलेलं. कुसू तीन सुताचं काढलं, भोक तीन सूत आणि वर काहीतरी. खडखड. मी दुसरी पट्टी घ्यायला उठले. काकांनी रंधा उलटा करून त्यातली सालपटं बाहेर काढली, दोन-चार बोटांत चुरडून पाहिली, एक मला दिली. त्याच लाकडाची, सकाळीच काढलेली. "घाला कपडा."

"पण हे म्हणजे चुकीचं..."

"धागा कुसाच्या धाग्याबरोबर लावा, आडवा नको. आडवा लावला तर सुटंल."

त्यांना दुसरं काही म्हणायचं नव्हतं. ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या पोळपाटाकडे वळले. मी सालपट कुसाच्या गालावर डिंकानं बसवलं, वाळू दिलं, एकदा रंधा फिरवला आणि पट्टी भोकात दाबली. निम्मं हातानं गेलं. उरलेलं मोगरीनं. खांदे पायाला टेकले आणि मधली काळी फट आधी दोऱ्याएवढी झाली, मग दिसेनाशी. पट्टी उचलली, पाय लटकत वर आला.

बांबूच्या मेखा मारायला अर्धा दिवस. जुन्या पायांचा रंग आणि नव्याचा, यात अजून फरक दिसतो. तेलानं थोडा गेला, उरलेला जाईल कधीतरी.

चतुर्थीच्या सकाळी चौरंग नेहमीच्या कोनाड्यात ठेवला. नवरा हात बांधून उभा. मी एका कोपऱ्यावर तळवा टेकवून दाबलं.

डुगडुग.

मागचा डावा पाय. तो तर नवाही नव्हता. मी गुडघ्यांवर बसले, चारी सांधे हलवून पाहिले. एकही हलेना, कूं नाही की खडखड नाही. चौरंग उचलून हॉलमध्ये मधोमध ठेवला, तिथं तो दगडासारखा उभा. स्वयंपाकघरात ठेवला, दगडासारखा. परत कोनाड्यात आणला. डुगडुग.

काकांना फोन लावला. मागे यंत्रं किंचाळत होती, मला दोनदा सांगावं लागलं. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही.

"ताई," ते म्हणाले, "फरशी कुणी घातली?"

नवरा तोवर बिस्किटाचा पुडा शोधायला गेला होता.